साखरखेर्डा द्यायला निघालेला भाऊ

साखरखेर्डा, २७ ऑक्टोबर १९६४

ति. भाऊस, कोकिळाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सारे अजून जिवंत आहोत. तुझी तशी इच्छा दिसत नाही म्हणून मुद्दाम कळवते. शेजारचे उकंडराव कापसाचा भाव पाहायला मलकापुरात आले होते. वाचनालयात गर्दी दिसली म्हणून आत जाऊन बसले. चीनच्या स्फोटावरून तुमचा वाद रंगला होता, लढाई संपवायला अणुबॉम्ब टाकणं न्यायाचं की अन्यायाचं. तू छातीवर हात ठेवून म्हणालास म्हणे, की लढाई थांबत असेल तर साखरखेर्डा द्यायलाही मी मागेपुढे पाहणार नाही. टाळ्याही पडल्या.

उकंडरावांनी गावात पाय ठेवण्याआधी अख्ख्या मोटारीला हे सांगून टाकलं. सासूबाई विचारतात, की तुह्या भावाले आमचंच गाव काऊन सुचलं. हे तर माझ्याशी बोलतच नाहीत, पाणीसुद्धा सासूबाईंमार्फत मागतात. भाऊबीजेला येऊन काय ते तूच सांग. लोभ आहेच, गाव ठेवलंस तर वाढेल.

तुझी कोकिळा

मलकापूर, ३० ऑक्टोबर

चि. सौ. कोकिळास अनेक आशीर्वाद.

बाजू चिठ्ठ्या टाकून ठरली, माझ्या वाट्याला बॉम्ब आला. मी आधी खामगाव म्हटलं होतं, पण पहिल्या रांगेतले खामगावचे पाहुणे उठून उभे राहिले. पिंपळगाव राजा म्हटलं, तर अध्यक्ष तिथले जावई निघाले. वेळ संपत आली, तोंडात तुझं गाव आलं. तरी मुद्दा खोटा नाही. एक गाव जाऊन हजार वाचत असतील तर हिशेब सरळ आहे. शेषरावांना समजावून सांग, मेहुणे शिकलेले आहेत. लुगडं घेऊन येतोच. प्रकृतीस जप.

तुझा जानराव

साखरखेर्डा, १० नोव्हेंबर

सौ. आशावहिनींस सा. न.

भाऊ परत आल्यापासून जेवत नाही, असं तुम्ही कळवलंत. सांगते काय झालं. इथे त्याला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. उकंडरावांनी फक्त हात धरून विचारलं, की कोणत्या टोकापासून सुरुवात करता. मग घरोघरी नेलं. आधी खाऊन घ्या, मंग आमचं काय ते ठरवा, असं म्हणत जो तो ताट वाढी. आठव्या घरी त्याने सदऱ्याची खालची बटणं सोडली.

शेवटी आमच्याकडे सासूबाईंनी करंज्या वाढल्या आणि तो हिशेब मले समजावून सांगा म्हणाल्या. भाऊ एकेक बोट दुमडत घरं मोजू लागला. उकंडरावांचं झालं, सुताराचं झालं, मग आमचं आलं. माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं बोट तसंच राहिलं. पुढे मोजलंच नाही. तेव्हा हे हसले, आणि पंधरा दिवसांनी पाणी माझ्याकडे मागितलं.

निघताना उकंडरावांना त्याची दया आली. ते म्हणाले, की पुढच्या खेपेले जिथं तुमची बहीण नाही असं गाव सांगत जा. मोटार सुटेपर्यंत भाऊ विचार करत होता. मग खिडकीतून म्हणाला, की कोणाचीच बहीण दिलेली नाही असं एकही गाव मला आठवेना.

दोन दिवस त्याला ताकभातावर ठेवा. माया असू द्या.

तुमची कोकिळा