सोनगीरच्या वाट्याला एक पंक्चर

धुळे,
ता. १६ नोव्हेंबर १९९१

चि. सुकदेव यास भागाअक्काचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही खुशाल. थंडीने ह्यांचा गुडघा धरला आहे, पण तोंड चालू आहे. तुझ्या पित्ताचं कसं काय? (केळी थंड असतात म्हणे. तुला तर काय, सासुरवाडीहून घडच्या घड येत असतील.)

तुझी कादंबरी मिळाली. म्हणजे तू पाठवली नाहीसच, मी वाचनालयात नंबर लावून आणली. पुस्तक हातात देताना तिथले सुपडूभाऊ म्हणाले, "अक्का, तुमच्या भावानं फैजपूर काय रंगवलंय! तिथलाच ना तो?" मी म्हटलं, तो सोनगीरचा, किल्ल्याच्या पायथ्याचा. तर म्हणाले, मग त्यात सोनगीर कुठे आहे? तेच मी आठ दिवस शोधते आहे. नव्वद पानं झाली. केळीची पानं, केळीची सावली, केळीच्या बागेतला गारवा (गारवा सतरा वेळा, मी मोजला). सोनगीर सापडलं ते पान एकतीसवर. तिथे नायकाची एस.टी. पंक्चर होते. तो खाली उतरतो, 'एक उजाड टेकडी' बघतो, चहा पितो (तोही पाणचट!) आणि पुढे जातो. अरे, त्या उजाड टेकडीवर आपण लहानाचे मोठे झालो.

मला फैजपूरचा हेवा नाही. (आहे.) सुमन भावजय म्हणून गुणाचीच आहे, पण तिच्या माहेराला अख्खं पुस्तक आणि आपल्या मायला एक ओळ नाही? माय भर उन्हात अनवाणी, दगडधोंड्यांतून हंडा आणायची. तुझ्या अंघोळीचं पाणी परातीत धरून त्यात तुझेच कपडे धुवायची आणि तेही उरलेलं पाणी दारातल्या निंबाला घालायची. त्या निंबाखाली तू बाराखडी गिरवलीस. तिथे गारवा नव्हता म्हणून ते लिहिण्याजोगं नाही का? गावाची लाज वाटते का तुला? माझा जळफळाट होतो आहे, तो लपवत नाही.

फैजपूर काय मी पाहिलं नाही? तुझ्या लग्नातलं तू विसरला असशील तर बरंच. (विसरला नसशील.) सकाळी तुझ्या सासऱ्यांच्या बागेकडे गेले, तर पाटातून पाणी धो धो वाहतंय आणि जवळ चिटपाखरू नाही. पदर खोचला, दोन दगड आणि एक पोतं लावून, वर चिखल थापून पाट बुजवला. पाणी फिरलं ते थेट मांडवामागे, आचाऱ्याने जमिनीत खणलेल्या चुलींमध्ये. भात अर्धा कच्चा राहिला. तुझी सासू भिकुबाई धावत आली, "अवं बाई, काय केलं हे? ते केळीले सोडेल पानी आहे!" मी म्हटलं, "मंग कोनी देखाले नको का? बठ्ठं पानी वाया जाई ऱ्हायनं!" सगळा मांडव हसला. नवरीसुद्धा. जेवणं चार वाजता झाली. आठ वर्षं झाली, त्या गावात मी पुन्हा पाऊल टाकलेलं नाही.

तेव्हा पुढच्या पुस्तकात आपली टेकडी आली पाहिजे. नाहीतर मला अक्का म्हणू नकोस. सुमनला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी (अजून तरी)
भागाअक्का

ता. क. आज रविवार, टपाल बंद. म्हणून पुस्तक पुढे वाचलं. पान एकशे चार. कोरड्या गावातली एक मुलगी त्या बागाईतात सून म्हणून येते, पहिल्याच सकाळी पदर खोचते आणि दोन दगड, एक पोतं लावून पाट बुजवते. सगळे हसतात. पाठराखणीला आलेला तिचा धाकटा भाऊ तेवढा हसत नाही. पोतं काढता काढता त्याला घरचं अंघोळीचं पाणी आठवतं आणि दारातला निंब. ह्यांनी विचारलं, कांदा चिरते आहेस का? मी हो म्हटलं. मग आठवलं, त्या दिवशी तूही हसला नव्हतास. लग्नाच्या पांढऱ्या कपड्यांनिशी माझ्याबरोबर चिखलात उतरला होतास.

ता. क. दुसरा. टेकडीचं राहू दे सावकाश. आधी सही करून एक प्रत पाठव. वाचनालयाच्या पुस्तकाचं एकशे चारावं पान ओलं झालं आहे, ते सुपडूभाऊंना कोणत्या तोंडाने परत देऊ? आणि पुस्तकातल्या त्या सुनेचं नाव सुमन ठेवायचं काय नडलं होतं? पुढच्या आवृत्तीत ते भागा कर. पाट मी बुजवला. सुमन तर मांडवात हसत उभी होती.