आबासाहेबांचा वाघ

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आजपासून रोजनिशी. एकतीस वर्षं नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवला, पुरावा पुरावा म्हणून पोरांचे कान किटवले. आता निवृत्तीत स्वतःचे पुरावे स्वतः ठेवायचे. ही वही कपाटात कुलपाआड राहील. बायको सिंधूनेही वाचायची नाही.

वाघ आला. कंधारच्या घराला रंग देणं चालू आहे, म्हणून चुलतभावाने आबासाहेबांच्या वाघाचं मुंडकं टेम्पोतून इकडे पाठवलं. २३ तारखेला आबासाहेबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शंभरावी जयंती. कंधारला कार्यक्रम. मुंडकं स्टेजवर, मी माईकवर. शिवाय माझी पुस्तिका: ‘एक गोळी, एक वाघ’.

मुंडकं टीव्हीच्या वर टांगलं. डावा डोळा काचेचा, उजवीकडे माझी निळी गोटी. नऊ वर्षांचा असताना मी तो डोळा काढला होता. आबासाहेबांनी आयुष्यात एकदाच मारलं, ते तेव्हा. दुसऱ्या दिवशी स्वतःच मूठभर गोट्या आणून दिल्या आणि त्यातली एक बसवली. मोठ्या मनाचा माणूस. पुसताना काळे पट्टे बोटाला लागले. जुन्या कातड्याचं असं होतंच.

४ नोव्हेंबर, दु. ३.१०

झोपमोड. कोणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं. भंगारवाला असेल. सोसायटीत तक्रार करायची.

६ नोव्हेंबर

पुन्हा डबा. तीनच वाजता. वॉचमन म्हणतो भंगारवाला फक्त सोमवारी येतो. मग खालच्या मजल्यावर काहीतरी ठोकाठोक. तक्रार नक्की.

९ नोव्हेंबर, रविवार

डबा वाजत असताना सिंधूला हलवून विचारलं. तिला काही ऐकू आलं नाही. तिने बीपीची गोळी घेतली का एवढंच विचारलं आणि कूस बदलली. निळी गोटी सरळ माझ्याकडे बघत होती. पूर्वी ती खिडकीकडे बघायची असं मला वाटतं.

विचार करून निष्कर्ष काढला: हा वाघाचा अतृप्त आत्मा आहे. (मी अंधश्रद्धा मानत नाही. पण नोंद म्हणून.) उपाय: त्याच्याच, म्हणजे पैनगंगेच्या, जंगलात जाऊन त्याच्याच जातीचा जिवंत वाघ बघायचा, मनातल्या मनात क्षमा मागायची, विषय संपला. शेजारचा मुज्तबा दर शनिवारी ट्रॅव्हलरमधून पैनगंगा अभयारण्याची एकदिवसीय सहल नेतो. गाईड, नाश्ता, जेवण सगळं त्यात. १५ तारखेची खिडकीची सीट पक्की केली. मुज्तबाने मुंडक्याकडे बघून वनखात्याचा दाखला आहे का विचारलं. मी विषय बदलला.

१२ नोव्हेंबर

पुस्तिकेचं प्रूफ आलं. मुख्य परिच्छेद उत्तम उतरलाय: ‘सन १९५९. दुपारी तीनची वेळ. हाकारा सुरू होता, माणसं आरडत जनावर रानातून उठवत होती. अचानक वाघाने एका हाकारेवाल्यावर झेप घेतली आणि तो दुर्दैवी जीव बळी पडला. आबासाहेबांनी बंदूक उचलली. एक गोळी, एक वाघ.’ वाचताना अंगावर काटा आला. तेवढ्यात तीन वाजले आणि डबा. अर्धा तास. कानात कापूस घातला, तरी ऐकू आला.

१५ नोव्हेंबर, शनिवार, पहाटे ४.४०

ट्रॅव्हलर निघाली. शाल, दुर्बीण, प्रूफ सोबत. डॉक्टर, बँकवाले, एक नवं जोडपं असे चौदा जण. उत्साह कमी आहे. मी बघतो.

सकाळी ८.००

हिमायतनगर मागे टाकून अभयारण्याच्या गेटातून आत शिरल्यावर मुज्तबाकडून माईक घेतला आणि आबासाहेबांची शिकार सांगितली. पिन ड्रॉप सायलेन्स. काही जण झोपलेले होते हेही खरं. गेटवर गाईड चढला होता, बालाजी, पंचेचाळिशीचा, जंगलालगतच्या गावचा. तो मात्र एकटक माझ्याकडे बघत ऐकत होता. जाणकार श्रोता.

११.३०

वाघ नाही. रोही, म्हणजे नीलगाई, चार, मोर पुष्कळ, एक रानडुक्कर. बालाजीने एका मोहाच्या झाडाखाली उतरवलं. खाली शेंदूर लावलेला दगड, फांदीला गंजका तेलाचा डबा टांगलेला. तो म्हणाला, हा शिकारीचा दगड. मी हेलावलो. पासष्ट-सहासष्ट वर्षांनंतरही या लोकांनी आबासाहेबांची आठवण जपली! दगडाला शाल पांघरली, नमस्कार केला, नव्या जोडप्याकडून तीन फोटो काढून घेतले. बालाजीने फक्त काठीने डबा दोनदा वाजवला.

तोच आवाज. अगदी तोच.

सायंकाळी ६.००, परतीच्या वाटेवर

लिहून काढलं की मन हलकं होतं म्हणतात. लिहितो.

जेवणाला पिठलं-भाकरी होती. मी बालाजीशेजारी बसलो आणि मोबाईलवर मुंडक्याचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, कान वासराचे हायेत. मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, तो दगड तुमच्या आबासाहेबांचा न्हाई, माझ्या आज्याचा हाय. आजा हाकाऱ्याला गेला होता, तेलाचा डबा घेऊन. गावातला माणूस आजही जंगलात शिरताना डबा दोनदा वाजवतो, म्हणजे आजा पुढं हाकारा करत चालतो आणि जनावर बाजूला होतं.

मी त्याला धीर देत म्हणालो की वाघाने मारलं म्हणजे वीरमरणच. तेव्हा तो हात धुऊन आला आणि समोर उकिडवा बसला.

“साहेब, त्या साली वाघ न्हवताच. झुडपात आजा होता. हालचाल दिसली, तुमच्या आबासाहेबांनी गोळी घातली. वाघ मागाहून करून आणला, वासराच्या कातड्याचा.”

गावगप्पा. लेखी पुरावा शून्य. तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, भांडून काय करू, समदे मेले. माईकवर तुम्ही हाकारेवाला हाकारेवाला म्हणून राहिलते.

“रामलिंग नाव होतं. पुढच्या बारीला नाव घ्या तेवढं.”

वाघ दिसला नाही. मुज्तबा म्हणतो डिसेंबरात चान्स चांगला असतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

बालाजीला खोटं पाडायचं म्हणून मुंडकं खाली उतरवलं. गोटी काढली. आत गोणपाट, भुसा, बाभळीचा ठोकळा. ओल्या फडक्याने पुसलं तर पट्टे फडक्यावर आले आणि खाली तांबूस वासरू उरलं. एक फायदा: वनखात्याचा दाखला लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. नऊ वर्षांचा असताना डोळा काढला तेव्हाही आत गोणपाटच दिसलं होतं. मी आबासाहेबांना विचारलं होतं, वाघात गोणपाट कसं? त्यावर त्यांनी मारलं होतं. मग गोट्या. मी पुन्हा विचारलं नाही. पुढे मी इतिहास शिकवला.

सिंधू घरी येण्याआधी पट्टे स्केचपेनने पुन्हा काढले.

१९ नोव्हेंबर

तीनला डबा. आज उठून बसलो आणि नीट ऐकला. एवढ्या दिवसांत वाघाची डरकाळी एकदाही आलेली नाही. कधीच नाही. फक्त डबा. मला भीती वाटते, आणि लाजही वाटते.

ठरलं. २३ तारखेला स्टेजवरून सगळं खरं सांगायचं. बालाजीला फोन केला, रामलिंगचं नाव घेईन असा शब्द दिला. तो फक्त “बरं” म्हणाला. मागे कोणीतरी म्हातारी कोण आहे, कोण आहे असं विचारत होती.

छापखान्यालाही फोन केला. एका नावासाठी पान पुन्हा जुळवावं लागेल, उशीर होईल, असं म्हणाले. राहू द्या म्हणालो. तोंडी सांगण्यात जास्त ताकद असते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सगळं नाही. सगळं सांगितलं तर ज्येष्ठांना त्रास होईल. वाघ राहू द्यायचा, पण नाव ठणठणीत घ्यायचं: कै. रामलिंग. दोन मिनिटं स्तब्धता. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं, छान जमलं. स्तब्धता एक मिनिटाची पुरे.

२३ नोव्हेंबर, कंधार, दु. ४.३०

कार्यक्रम दोनला होता, सुरू अडीचला झाला. त्याआधी शेषेरावकाकांना बाजूला घेतलं. आबासाहेबांचे धाकटे भाऊ, शहाऐंशीचे, शिकारीत सोबत होते. हळूहळू, प्रस्तावना करून सांगितलं की वाघ नव्हता. त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर मारली.

“समद्या घराला ठाऊक हाय. तू एकटा शिकला-सवरला म्हणून तुला कुणी सांगितलं न्हाई.”

सिंधूलाही? तिलाही. लग्न होऊन आली त्याच वर्षी सासूने सांगितलं होतं म्हणे. मी नाव घ्यायचं म्हणालो. काका म्हणाले, नाव घेतलं की कोण, कुठला, कसा मेला हे येतंच. वाघच सांग. झ्याक सांगतोस तू.

माईक हातात आला तेव्हा तीनला पाच कमी होते. समोर दीडशे माणसं. शेवटच्या रांगेत बालाजी, पांढऱ्या टोपीतला. मी बोलावलं नव्हतं. शेजारी एक म्हातारी, त्याची आई असावी, कानाला हात लावून बसलेली. तिला माझा एकही शब्द चुकवायचा नव्हता.

मी हाकाऱ्यापर्यंत आलो. थांबलो. तोंड उघडलं. मग म्हणालो, ‘एक दुर्दैवी जीव.’

टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्यावर पाहिलं तर शेवटच्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. एकीवर माझी शाल होती, दगडावर पांघरलेली, धुऊन घडी घातलेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार, नांदेड

मुंडकं कंधारलाच ठेवून आलो. घर आता शांत राहील.

दुपारी तीन वाजता सिंधू झोपेतून उठून बसली. म्हणाली, कोण डबा वाजवतंय हो? मी म्हणालो सोमवार आहे, भंगारवाला. ती गॅलरीत जाऊन बघून आली. रस्त्यावर कोणी नव्हतं. ती माझ्या शेजारी बसून राहिली, आवाज थांबेपर्यंत.

नाव घ्यायचा शब्द दिला होता. तो इथे पाळतो. रामलिंग.

वही कुलपात ठेवली.