आबांचा अंगठा

बुधवार, संध्याकाळ. दवाखाना, जालना.

दम लागतो म्हणून आबांना भरती केलं, अन् आता सगळं दुखणं पायाच्या त्या एका अंगठ्यात जाऊन बसलंय. डॉक्टर म्हणाले, जुना गाऊट आहे, सांध्याचं दुखणं; छातीतलं पाणी काढायच्या गोळ्यांनी त्यानं उचल खाल्ली. अंगठा लाल, टम्म. चादरीचं टोक लागलं तरी कळवळतात. तरी भेटायला येणारा जो तो पाया पडतो, अन् आबा ओठ आवळून पाय तसाच ठेवतात. म्हणे, नमस्कार नाकारू न्हाई.

आज माझी थोरली बहीण, शोभाताई आल्ती. आबांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बिलकुल बंद. मीच फोन करून मंठ्याहून बोलावलं. रडतच वाकली, अन् सगळा भार नेमका त्या अंगठ्यावर. आबांनी झटकन पाय ओढून घेतला.

"अजून पायाला हात लावू देईनात. मंग कशाला बोलावलं मला?"

निघालीच. मी जिन्यापर्यंत मागं पळालो, अंगठ्याचं सांगत राह्यलो. तिला ते पांघरूण घालणं वाटलं असंल. फोनवर मी दमाचं सांगितलं होतं. अंगठ्याचं कोण सांगतं?

आता फोन उचलत न्हाई. मघाशी चादर नीट करायला गेलो, तर आबांनी पाय बाहेर काढून ठेवलेला. पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा थरथरत होता.

"झाकू नको," म्हणाले. "परत आली तर."