पालेभाजीचा नवस

१२ नोव्हेंबर
नचिकेतला पुन्हा रक्त पडलं. आतड्याला आतून जखमा होतात त्याच्या, दोन वर्षं झाली. नोकरी सोडून घरी बसलाय, ऐन तिशीत नुसती काडी झालीय पोराची. आज देवघरातल्या नरसिंहापुढे नवस बोलले — हा बरा होईपर्यंत घरात पालेभाजी शिजणार नाही. मेथी म्हणजे माझा जीव की प्राण. म्हणूनच सोडली.

३ डिसेंबर
मेथीवाली दारावरून गेली. आत येऊन बसले.

२१ डिसेंबर
मैथिली आली. परभणीला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. भावाचं ताट बघून माझ्यावरच उखडली. "आई, नुसत्या वरणभातावर का ठेवायलीस त्याला?" मग समजावत बसली. आतड्याच्या पेशींत म्हणे एक ओळखणारं असतं. धूर असो, पोटात गेलेलं एखादं रसायन असो नाहीतर पालेभाजी, त्याला सगळं कळतं. भाजीतलं पोचलं की ते राखणीच्या पेशींना कामाला लावतं. नाही पोचलं तर राखण ढिली पडते.
"हे उंदरांत दिसलंय. माणसाचं अजून नक्की न्हाई. गोळ्या बंद करायच्या न्हाईत," असंही म्हणाली. पण माझं लक्ष कुठे होतं! पोराची राखण मीच उपाशी ठेवली — देवाच्या नावानं!

२२ डिसेंबर
बोललेला नवस मोडायचा कसा? ह्यांना विचारलं. जन्मभर पूजाअर्चा केलेला माणूस, ह्यांना ठाऊक असणार. बराच वेळ गंध उगाळत बसले. मग म्हणाले, "देवाला मी सांगतो. तू मेथी निवड."

२५ डिसेंबर
मुगाची डाळ घालून मऊ शिजवली. नचिकेतनं मागून घेतली. हे म्हणाले, "मला नको, त्याला पुरू दे." लय दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

१६ जानेवारी
रक्त थांबेना. नांदेडला दवाखान्यात आणलंय.

१९ जानेवारी
गेला.

५ फेब्रुवारी
मैथिलीनं डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. "आई, दुखणंच लय पुढं गेलं होतं. भाजी बंद केल्यानं काही झालं न्हाई." लेक खोटं बोलणार नाही. तरी मन खातंच.

८ फेब्रुवारी
मैथिलीनं आज मेथी केली. ह्यांनी वाटी बाजूला सारली. मी ती पुन्हा पुढे सरकवली. म्हणाले, "तुझा नवस मी तेव्हाच माझ्यावर घेतलाय, अनसूया."
"अहो, पण कधीपर्यंत?"
"तूच बोलली होतीस ना. तो बरा होईपर्यंत."