त्रोगोन ओरडला की

पॅटागोनिया, ॲरिझोना
रविवार, प्रार्थनेहून आल्यावर

ती. रेफुहिओताईस धाकट्या सोकोरोचा नमस्कार. देवमाता तुम्हां सर्वांना सांभाळो.

मिरच्या आणि सुकं मांस पोचलं. टपालातून पार्सल सोडवायला सहा डॉलर पडले. पुढच्या वेळी कुणी येणाऱ्याबरोबर धाड. आईचे गुडघे कसे आहेत?

आमचं बरं चाललंय. पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हे गाडीतून वाळवंटातली नदी, तळं, घळ दाखवून आणतात. हल्ली ह्यांना कमी ऐकू येतं, म्हणून जेवणाचे डबे घेऊन मीही जाते. लाल पोटाचा त्रोगोन पक्षी ओरडला की ह्यांचं कोपर हळूच तिकडे वळवते. मग हे बोट वर करतात आणि पाहुणे गप्प होतात. ह्याविषयी आम्ही आपसांत कधी बोललो नाही.

काल घळीत एक बाई म्हणाल्या, "नवऱ्याला सारखं काय ढोसता हो?"

हे म्हणाले, "लग्न झाल्यापासून ढोसतेय. हल्ली पक्ष्यांसाठी ढोसते, एवढंच."

सगळे हसले. परतताना मात्र हे रस्त्याकडे बघतच म्हणाले, "यापुढे माझ्या उजवीकडे उभी राहा. त्या कानाने काहीच येत नाही, डाव्याने अजून थोडं ऐकू येतं."

मी नुसतं "बरं" म्हटलं आणि जपमाळ काढली.

भावजींचा कान बरा करणारे तुमच्याकडचे डॉक्टर अजून बघतात का? आईला काही बोलू नकोस. "दाखवून येऊ," म्हटलं तर हे नाही म्हणाले नाहीत. ह्यांचं मन पालटायच्या आत उलट टपाली कळव.

तुझी,
सोकोरो