बेसिलच्या विंचचा तुटलेला शाफ्ट

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
यंत्र अपघात चौकशी कक्ष, वसई.

अर्जदार : तेरेसा डाबरे, धातुपरीक्षक, रा. पापडी.

विषय : पाचूबंदर अपघाताच्या अहवालात एका अंतराची नोंद घेणेबाबत.

संदर्भ : आपला अहवाल, दि. ७ फेब्रुवारी २०२५ (अर्जदाराने दोनदा वाचला, दुसऱ्यांदा, विश्वास बसावा म्हणून).

महोदय,

१. पाचूबंदरचे मच्छीमार बेसिल जानेवारीत आपली होडी किनाऱ्यावर ओढून घेत असताना विंचचा, म्हणजे दोराने होडी ओढणाऱ्या यंत्राचा, नवाकोरा शाफ्ट मधोमध तुटला. दोर गुंडाळणारा ड्रम उडून त्यांच्या पायावर आला आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आपल्या अहवालात याचे कारण "हलगर्जीपणा, बहुधा मद्यपान" असे दिले असून भरपाईचा हक्क नाकारला आहे. बेसिल यांच्या पत्नी ॲनी सुनावणीत कळवळून म्हणाल्या, "सायब, सकालपासून पानी पन नाय पिला तो." त्यावर "पाण्याचं कोण विचारतंय?" असा विनोद आपण केलात. हसणारेही आपण एकटेच होतात.

२. तुटका शाफ्ट ॲनी यांनी अर्जदाराच्या प्रयोगशाळेत आणून दिला. अर्जदाराने तो कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मागणी बेनाइटी पोलादाची होती. असे पोलाद लाल तापवले की त्याची आतली रचना बदलते, आणि थंड होताना ती कोणत्या रूपात बसेल हे थंड होण्याच्या गतीवर ठरते. फार सावकाश उतरले तर मऊ पडते. मधल्या, सांभाळलेल्या गतीने उतरले तर बेनाइट तयार होते, जे कणखर असूनही हिसका सोसते. झटक्यात थंड केले तर मार्टेन्साइट, म्हणजे कडक पण काचेसारखे ठिसूळ. या शाफ्टमध्ये जवळजवळ सगळे मार्टेन्साइटच होते. हे सर्व अर्जदाराने सुनावणीत आपणांस सांगितले, तेव्हा आपण मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर पाहत होतात.

३. शाफ्ट बनवणाऱ्या कारखान्याचे सुपरवायझर टोनी यांनी तर लपवाछपवीही केली नाही. "टेम्पो दारात उभा होता, नाताळची सुट्टी लागायची होती. हवेवर थंड करत कोण बसणार? पाणी मारलं," असे ते म्हणाले. आपण विचारलेत, "पाण्यानं लोखंड थंडच होतं ना? मग बिघडलं काय?" असा प्रश्न चहाच्या टपरीवर चालला असता, आपण तो खुर्चीवर बसून विचारलात.

याहून कहर म्हणजे, शाफ्टचा कडकपणा मागणीपेक्षा जास्त भरला, "सबब माल मागणीपेक्षा सरस", असा निष्कर्ष आपण सहीशिक्क्यानिशी काढलात. या न्यायाने खिडकीच्या काचेचा नांगर करून तो अर्नाळ्याच्या समुद्रात टाकावा.

४. त्याच खेपेतले उरलेले शाफ्ट आजही बंदरावरच्या विंचांत बसलेले आहेत. आपल्या अहवालाने ते "निर्धोक" ठरवले, म्हणून कारखाना ते परत घेत नाही. आणि होडी ओढल्याशिवाय कोणाचे पोट भरत नाही. ज्याला त्याला वाटते, आपला तेवढा टिकेल.

५. शनिवारी आपण स्थळपाहणीस आलात, हे मान्य केले पाहिजे. बेसिल यांचे शेजारी पास्कल यांच्या विंचमध्ये याच खेपेतला शाफ्ट आहे. अर्जदाराने हात जोडून विनंती केली, "साहेब, शाफ्ट निर्धोक आहे म्हणता, तर बेसिल उभा होता तिथं जरा उभे राहा. पास्कल होडी ओढून दाखवतो." आपण "हो हो, अवश्य" म्हणालात आणि म्हणता म्हणता मागे सरकू लागलात. वाळूत बूट रुतला तोही उपसलात, जाळ्यांचा ढीग ओलांडलात आणि थेट आपल्या सरकारी गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिलात. तिथून हात हलवून "करा सुरू" म्हणालात. सारे बंदर पाहत होते. पास्कल यांनी विंचला हात लावला नाही.

अर्जदार नवा अहवाल मागत नाही. आपल्याकडून तशी अपेक्षा बाळगणे आपल्यावर अन्याय ठरेल. विनंती एवढीच की, विंचपासून आपण जिथे जाऊन उभे राहिलात तिथपर्यंतचे अंतर टेपने मोजून, "निर्धोक" या शब्दासमोर लिहावे. पुढचे वाचणाऱ्याला कळेल.

नाइलाजाने नम्र,

तेरेसा डाबरे
पापडी, दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत : १. शाफ्टची सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्रे.
२. शनिवारचे एक छायाचित्र. (गाडीच्या टपावरून दिसते ते आपले डोके.)