भिंगाचा दोष

१४ तारीख, मंगळवार

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी बरी आहे, दुकान वेळेवर उघडतं. चार महिन्यांनी दादाचं पत्र आलं म्हणजे काहीतरी काम असणार, असं म्हणशील. म्हण.

भिंगवाल्याशी माझं वाजलं. तीन भिंगं बदलून घेतली, तिन्हींत मधोमध धुरकट. घड्याळाची सरळ चाकं वाकडी दिसायची. शेवटी त्याला गिऱ्हाइकांदेखत झापला. त्याने तेच भिंग स्वतःच्या डोळ्याला लावून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, जरा डाव्या डोळ्याला लावून बघा." तीस वर्षांत मी डाव्याला भिंग लावलेलं नाही. लावलं, तर सगळं लख्ख.

मग डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. उजव्या डोळ्याच्या पडद्यातली शीर तुंबली आहे. डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या. मी म्हटलं, शीर मोकळी करा, आम्ही अडलेलं चाक करतो तशी. तर म्हणे, "काका, शीर उघडता येत नाही. तिच्यामुळे पडद्याला सूज आलीय, ती उतरवायची." आणि ती कशी, तर डोळ्यात सुई टोचून. सुरुवातीला दर महिन्याला, पुढचं पुढे. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरं औषध आहे, पण त्याने डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर होतो. लेसरही आहे, ते लागलं तर नंतर. एवढं सोसून नजर किती परत येईल, ते सांगता येत नाही. मी असं उत्तर दिलं असतं तर गिऱ्हाईक घड्याळ उचलून चालतं झालं असतं.

वर म्हणे रक्तदाब वाढूनच शीर तुंबली, आणि मलाच विचारतात, गोळ्या का सोडल्या? बरं वाटत होतं म्हणून सोडल्या. आता बरं वाटणं हाही गुन्हा झाला. तुझी वहिनी तर दिवसभर तेच उगाळते.

"अंधुक कधीपासून दिसतंय?" हे डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं. मी महिनाभर म्हणालो.

पाच महिने झाले, बारक्या.

मास्तरांच्या घड्याळाच्या तबकडीवर ओरखडा पडला, तेव्हाही मला धुरकटच दिसत होतं. ओरखडा दिसला नाही, पण चिमटा घसरलेला हाताला कळला होता. मास्तर संध्याकाळी घड्याळ घेऊन परत आले आणि मी तुझ्याकडे बोट दाखवलं. याचा हात थरथरतो, म्हणालो. तू चिमटा खाली ठेवलास आणि दुकान सोडून निघून गेलास. त्याचाही मला राग आला. चार शब्द सुनावले असतेस तर मी तिथेच कबूल झालो असतो, असं इतके दिवस स्वतःला सांगत होतो. तेही खोटंच. मी कबूल झालो नसतो.

सोमवारी पहिली सुई. सोबत वहिनी आहे, त्यासाठी तू येऊ नकोस. तू रविवारी ये. मास्तरांना दुकानात बोलावलं आहे. बोललो त्यांच्यासमोर, तर परतही त्यांच्यासमोरच घ्यायला हवं. नंतर माझ्या शेजारी बसायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा हात कधीच थरथरत नव्हता, हे ज्याला सर्वांत आधी ठाऊक होतं तो,

दादा